हाड जुळलं नाही, म्हणून पाय कापायचा?

घरातलं पोमेरेनियन सोफ्यावरून उडी मारतं आणि पुढचा पाय मोडून घेतं. प्लास्टर होतं. दोन महिने उलटतात, तरी ते पाय टेकत नाही. एक्स-रेत हाडाची टोकं अजून सुटीच दिसतात. मग कुणीतरी म्हणतं, पाय काढून टाका. हा सल्ला सगळे उपाय थकल्यावरच यायला हवा.

हाड जुळायला स्थैर्य आणि पुरेसं रक्त लागतं. लहान जातींच्या कुत्र्यांत मनगटालगतच्या हाडावर मांस नावालाच असतं, रक्तपुरवठाही तोकडा. तिथे नुसत्या प्लास्टरवर विसंबणं धोक्याचं. नाशिकजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर वाहनाची धडक बसून मांडीचं हाड मोडलं, तर प्लास्टर जवळपास निरुपयोगीच. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे त्याने धरावे लागतात. खुबा कसा धरणार? प्लास्टर खाली घसरतं आणि मोडक्या हाडाला उलट ओझं होतं.

न जुळलेलं हाडही बहुतेकदा जुळवता येतं. सर्जन टोकांमधली निबर ऊती काढतात, मज्जेची बुजलेली पोकळी उघडतात, त्याच कुत्र्याच्या खांद्याजवळचं जाळीदार हाड तिथे भरतात आणि प्लेट-स्क्रूने सगळं घट्ट आवळतात. जखमेत जंतू असतील, तर आधी त्यांची तपासणी आणि नेमकं अँटिबायोटिक. अशा वेळी बाहेरून बसवलेली फ्रेमही कामी येते. माणसांच्या न जुळणाऱ्या हाडांसाठी जगभर वापरली जाणारी रिंगची फ्रेम रशियातल्या कुर्गनच्या गाव्रील इलिझारोव्ह यांची. ताण दिल्यावर नवं हाड कसं तयार होतं, हे त्यांनी कुत्र्यांच्या पायांवरच अभ्यासलं. कुत्र्यांचं ते ऋण आपल्यावर आहे.

मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांवर उपचार करतं. पण मोडक्या पायाचं जनावर घेऊन नाशिकहून मुंबई गाठणं प्रत्येकाला परवडत नाही. पालिका आणि पशुसंवर्धन विभागाने हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी नाशिकमध्येच ठरावीक दिवस, सर्जन आणि प्लेटचा साठा द्यावा. भटक्या कुत्र्यांच्या उपचारांचा खर्चही त्यांनीच करावा.

आणि पालकांनो, प्लास्टर घातल्यावर स्वस्थ बसू नका. चार ते सहा आठवड्यांत पुन्हा एक्स-रे काढा. जितका उशीर, तितका स्नायू झडतो, सांधा आखडतो आणि पाय वाचवणं अवघड होतं.