चंद्रावरचे यान आणि धुर्व्यातील चूल

२३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीक अलगद उतरले आणि अवघा देश आनंदाने न्हाऊन निघाला. घरोघरी पेढे वाटले गेले, मंदिरांत घंटा निनादल्या. त्याच सायंकाळी रांचीच्या धुर्वा वसाहतीतही टाळ्या वाजल्या. पण टाळ्या वाजवणाऱ्या हातांना सुमारे दीड वर्षाचे वेतन मिळालेले नव्हते.

हे हात होते हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन, म्हणजेच एचईसी, या केंद्र सरकारच्या उपक्रमातील कामगारांचे आणि अभियंत्यांचे. श्रीहरिकोटाच्या दुसऱ्या प्रक्षेपण तळावर अग्निबाण ज्या अजस्र फिरत्या चौथऱ्यावर उभा राहून जुळणी-इमारतीतून तळापर्यंत जातो, तो चौथरा याच कारखान्याने घडवलेला. तेथील अवजड यारी आणि महाकाय सरकते दरवाजेही त्याचेच. चंद्रयान-३ साठी या कारखान्याला वेगळे काम दिलेले नव्हते, असा खुलासा सरकारने केला आणि तो तांत्रिकदृष्ट्या खराही आहे. परंतु सुमारे ६४० टन वजनाचा अग्निबाण १४ जुलै २०२३ रोजी त्याच तळावरून झेपावला, हेही तितकेच खरे. पाया घालणाऱ्या गवंड्याचे नाव कळसावर कोरले जात नाही. म्हणून पाया त्याचा नव्हता, असे कोणी म्हणत नाही.

यंत्रांना जन्म देणारे यंत्रघर

एचईसीची स्थापना १९५८ च्या अखेरीस झाली. पोलाद कारखान्यांना, खाणींना आणि धरणांना लागणारी यंत्रे परदेशातून आणायची असतील, तर देशाचे स्वातंत्र्य अपुरेच राहणार, हा त्यामागचा विचार होता. सोव्हिएत रशिया आणि चेकोस्लोव्हाकिया यांच्या साहाय्याने ओतशाळा व घडाई कारखाना, अवजड यंत्र कारखाना आणि यंत्रहत्यारांचा कारखाना अशी तीन अंगे उभी राहिली. यंत्रे बनवणारी यंत्रे बनवणारा हा कारखाना. बोकारोच्या पोलाद कारखान्याची सामग्री, कोळसा खाणींतील उत्खननाची प्रचंड फावडी, असे बरेच काही येथून बाहेर पडले. एकेकाळी येथे २० हजारांहून अधिक माणसे काम करीत.

त्यासाठी अनेक गावे उठली, हेही विसरता येणार नाही. छोटा नागपूरच्या वनवासी आणि शेतकरी कुटुंबांनी आपली भुई दिली. १६९१ मध्ये उभारलेले जगन्नाथपूरचे मंदिर टेकडीवर तसेच राहिले. त्याच्या परिसरात विविध प्रांतांची माणसे भोंग्याच्या आवाजावर चालणारे आयुष्य जगू लागली. आषाढातल्या रथयात्रेत भूमी देणारा आणि नोकरीसाठी आलेला एकाच रथापुढे हात जोडतो, हे त्या वसाहतीचे वैशिष्ट्य.

अनामिक कामाची प्रतिष्ठा

अवजड यंत्रांच्या कारखान्यातील नोकरी ही इतर नोकऱ्यांसारखी नसते. मोटार बनवणाऱ्या कामगाराला आपली गाडी रस्त्यावर दिसते. येथे मात्र एकेका यंत्राला महिनोन्महिने, प्रसंगी वर्षेही लागतात आणि तयार झालेले यंत्र कामगाराच्या नजरेआड, शेकडो कोस दूरच्या खाणीत किंवा भट्टीशेजारी निघून जाते. त्यावर त्याचे नाव नसते.

काम मात्र डोळ्यांत तेल घालून करावे लागते. कित्येक टन वितळलेले पोलाद साच्यात ओतल्यावर ते निवण्यासाठी दिवसेंदिवस थांबावे लागते. घाईने साचा उघडला तर पोलादाला तडा जातो आणि साऱ्यांचीच मेहनत भंगारात जमा होते. त्यानंतरचे कातकाम तर आणखी कठीण. हत्तीच्या आकाराच्या भागावर केसाएवढ्याही चुकीला वाव नसतो. एक खोल काप गेला, की मागे फिरता येत नाही. धातू कापताना बदललेला आवाज ओळखणे, तावलेल्या पोलादाचा रंग पाहून त्याची उष्णता जोखणे, यारीवर झुलणाऱ्या ओझ्याखाली कोणी नाही ना, हे एका नजरेत पारखणे, हे ज्ञान पुस्तकात संपूर्ण लिहिता येत नाही. वडीलधाऱ्या मिस्त्रीच्या शेजारी दहा-पंधरा वर्षे उभे राहिल्यावर ते हातात उतरते. आपल्याकडे हातोडी-छिन्नीची पूजा होते ती याच श्रद्धेपोटी. १७ सप्टेंबरच्या विश्वकर्मा पूजेला पूर्व भारतातील कारखान्यांत यंत्रांना हार घातले जातात, तेव्हा तो केवळ सण नसतो. श्रमाला दिलेले ते वंदन असते.

घसरण कोणामुळे?

या कारखान्याची घसरण एका रात्रीत झाली नाही आणि त्याला एकच पक्ष किंवा एकच सरकार जबाबदार नाही. साठच्या दशकातील यंत्रे वेळेवर बदलली गेली नाहीत. १९९१ नंतर आयातीचे दरवाजे उघडले आणि घरचे मोठे ग्राहकही बाहेर वळले. खेळते भांडवल नसल्याने कच्चा माल नाही, माल नसल्याने काम रखडते, काम रखडले की दंड आणि दंडामुळे पुन्हा भांडवल आटते. या चक्रात उपक्रम रुतत गेला. गरजेपेक्षा अधिक भरती, राजकीय हस्तक्षेप आणि संघटनांची आपसांतील चढाओढ यांचाही त्यात वाटा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. २०१८-१९ पासून सलग तोटा होत गेला. संकटाच्या काळात संस्थेला पूर्णवेळ अध्यक्षही नव्हता; दुसऱ्या उपक्रमाच्या प्रमुखाकडे अतिरिक्त कार्यभार सोपवून काम भागवले गेले. दरम्यान कारखान्याच्या जमिनीचा काही भाग राज्य सरकारकडे गेला आणि तेथे झारखंडची नवी विधानसभा २०१९ मध्ये दिमाखात उभी राहिली.

तोट्यातला प्रत्येक सरकारी कारखाना करदात्याच्या पैशावर कायम पोसावा, असे कोणी म्हणणार नाही. बंद करायचा असेल तर तो उघडपणे, देणी चुकती करून बंद करावा. चालवायचा असेल तर भांडवल, काम आणि कणखर नेतृत्व देऊन चालवावा. मात्र बंदही करायचा नाही, चालवायचाही नाही आणि कामगाराला दाराशी ताटकळत ठेवायचे, हा तिसरा मार्ग धोरण नव्हे. ती धोरणाची अनुपस्थिती आहे.

वेतन हा उपकार नव्हे

जानेवारी २०२५ मध्ये देशातील एका मोठ्या अभियांत्रिकी उद्योगाच्या प्रमुखांनी आठवड्याला ९० तास कामाची अपेक्षा व्यक्त केली आणि देशभर चर्चेला ऊत आला. किती तास काम करावे, यावर सारे हिरिरीने बोलले. ज्यांनी काम केले त्यांना दाम मिळाले का, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात वेतन बुडवणाऱ्या मालकाला दंड सांगितला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसारही मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत देणे बंधनकारक आहे. जो नियम खासगी कारखानदाराला लागू, तो सरकार मालक असताना सैल कसा होतो?

२०२३ मध्ये वृत्तपत्रांतून आलेली वर्णने मन विषण्ण करणारी होती. कुशल तंत्रज्ञ रस्त्याकडेला इडली विकत होता. कोणाचे दागिने गहाण पडले, कोणाच्या मुलांची शाळेची फी थकली, वाण्याने उधारी बंद केली. हानी केवळ त्या घरांची नाही. ज्या घरातील चूल दीड वर्ष धड पेटत नाही, त्या घरातला मुलगा वडिलांच्या यंत्राशेजारी उभा राहायला येणार नाही. ओतशाळेतली हातोहात आलेली विद्या त्या पिढीबरोबर संपेल. यंत्र विकत आणता येते. ते घडवणारा हात मात्र विकत आणता येत नाही.

चंद्रयान-३ च्या अग्निबाणाचे अवजड भाग पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरने आणि मुंबईच्या पवईनेही घडवले, याचा मराठी माणसाला सार्थ अभिमान आहे. तोच अभिमान धुर्व्याच्या कामगारालाही वाटतो. भारतीय मजदूर संघाचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी यांनी उद्योगांचे श्रमिकीकरण आणि श्रमिकांचे राष्ट्रीयीकरण ही सूत्रे मांडली. श्रमिकाने राष्ट्राला आपले मानावे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण राष्ट्रानेही श्रमिकाला आपले मानावे, ही त्याच नाण्याची दुसरी बाजू. आत्मनिर्भरतेची घोषणा व्यासपीठावर शोभून दिसते. ती खरी ठरते, ती महिन्याच्या सात तारखेला, कामगाराच्या घरी.