हट्टी मूल आणि घरातील लोकशाही

सायंकाळचे साडेसात वाजलेले असतात. दिवसभर उभ्याने काम करून आणि गाडीच्या गर्दीतून वाट काढून आई घरी परतते. पाणी भरावयाचे असते, स्वयंपाक व्हावयाचा असतो, आणि नेमक्या त्याच वेळी चार वर्षांचे मूल मोबाईलसाठी हटून बसते. आई आधी समजावते, मग दटावते. मूल जमिनीवर लोळण घेते, हाताला येईल ते फेकते. शेवटी पाठीत एक धपाटा बसतो. मूल हुंदके देत उपाशीच झोपी जाते आणि घरात शांतता पसरते. काही घरांत हीच शांतता मुलाच्या हाती मोबाईल देऊन मिळविली जाते. दोन्ही घरांत प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो दुसऱ्या दिवसाच्या सायंकाळपर्यंत पुढे ढकललेला असतो.

हा प्रश्न चार भिंतींआडचा आहे, चळवळीच्या विषयपत्रिकेवर त्याला स्थान नाही, असे पुष्कळ कार्यकर्त्यांना वाटते. बेकारी आणि महागाईने माणसे गांजलेली असताना मुलाच्या हट्टाची चर्चा कशाला, असेही कोणी विचारील. परंतु मनुष्याला सत्तेचा पहिला परिचय सरकारी कचेरीत वा कारखान्याच्या दारात होत नाही. तो घरात होतो. बलवानाने दुर्बलावर हात उगारला की वाद संपतो, हा धडा जे मूल पाचव्या वर्षी शिकते, ते पुढे त्याच न्यायाने धाकट्या भावाशी, पत्नीशी आणि हाताखालच्या माणसाशी वागू लागण्याचा धोका असतो. सभेत समतेवर बोलणारा आणि घरी डोळे वटारून कारभार चालविणारा कार्यकर्ता, ही विसंगती थट्टेवारी नेण्याजोगी खासच नाही.

मुळात हट्ट म्हणजे काय, हे आधी नीट पाहिले पाहिजे. दोन ते चार वर्षांच्या मुलाला स्वतःची इच्छा असते, पण ती मांडण्यास पुरेशी भाषा नसते आणि आवरण्यास पुरेसे बळ नसते. मनोवेग आवरणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो, असे आजचे विज्ञान सांगते. म्हणजे जो संयम पंचविशीतील बापाला राखता येत नाही, त्याची अपेक्षा तो चार वर्षांच्या मुलाकडून करीत असतो. भूक, अपुरी झोप, घरात आलेले नवे बाळ, आईबापांतील भांडण, किंवा दिवसभरात कोणी आपल्याकडे पाहिलेच नाही ही जाणीव, यांपैकी काही ना काही बहुतेक हट्टामागे असते. मूल ते शब्दांनी सांगू शकत नाही, म्हणून वागण्याने सांगते.

यात पालकही एका सापळ्यात सापडतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटर्सन यांनी अनेक कुटुंबांचे घरात जाऊन निरीक्षण केले आणि हा सापळा 1982 च्या आपल्या ग्रंथात तपशिलाने मांडला. मूल ओरडते, पालक कंटाळून मागणी पुरवितात, ओरडणे थांबते. मूल शिकते की ओरडल्याने मिळते. पालक शिकतात की दिल्याने सुटका होते. पुढच्या वेळी पालक नकार देतात तेव्हा मूल अधिक मोठ्याने ओरडते. मग पालक मारतात, मूल गप्प बसते, आणि मारण्याने काम होते अशी पालकांची खात्री पटते. एकमेकांवर जबरदस्ती करण्याचे शिक्षण दोघेही एकमेकांना देत राहतात. यात दुष्ट कोणीच नसतो. पण दर फेरीगणिक आवाज चढत जातो.

मारामुळे वर्तन त्या क्षणी थांबते, म्हणूनच मार उपयोगी वाटतो. परंतु अनेक देशांत कित्येक दशके झालेल्या अभ्यासांचा कौल एकाच दिशेचा आहे: मार खाणाऱ्या मुलांचे वर्तन कालांतराने सुधारत नाही, उलट त्यांच्यात आक्रमकपणा अधिक आढळतो. मारातून मुलाला काय करू नये याची भीती बसते. काय करावे हे मात्र त्याला कळत नाही. शिवाय चूक लपविण्याची कला ते लवकर आत्मसात करते.

पालकांना या कामी मदत करणे हे समाजाचे कर्तव्य आहे, हा विचार समाजवाद्यांना नवा नाही. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना शहराची सत्ता सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या हाती आली. त्या काळात आल्फ्रेड आडलर या मानसशास्त्रज्ञाने तेथे मार्गदर्शन केंद्रे सुरू केली आणि पुढे ती अनेक शाळांतून चालू लागली. कामगार वस्तीतील आईबाप आपल्या त्रासदायक ठरलेल्या मुलाला घेऊन तेथे येत. शिक्षक आणि इतर पालक यांच्यासमक्ष चर्चा होई, त्यामुळे एकाच्या अडचणीतून दहाजण शिकत. खोडकर मुलाचा उत्साह कोठेतरी खचलेला असतो. आपल्याला येथे स्थान आहे आणि आपण उपयोगी आहोत, ही भावना त्याला परत मिळवून दिली पाहिजे, हे आडलर यांच्या शिकवणीचे सार होते. 1934 च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियातील हुकूमशाहीने समाजवादी चळवळ चिरडली, तेव्हा या केंद्रांनाही टाळे लागले. मुलाला स्वतंत्र व्यक्ती मानणारी संस्था हुकूमशाहीला मानवत नाही, हा त्यातील बोध.

महाराष्ट्राला तर त्यासाठी व्हिएन्नाकडे पाहण्याचीही आवश्यकता नाही. गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. तेथे त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि अनुताई वाघ यांच्या साथीने तो पुढे कोसबादच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेला. वारली मुले शाळेत येत नाहीत, याला आळस वा उनाडपणा म्हणणे सोपे होते. ताराबाई आणि अनुताई यांनी मुलांच्या दिवसाकडे पाहिले. मुले गुरे राखीत होती. तेव्हा शाळाच गुरांमागे रानात गेली आणि कुरणशाळा जन्माला आली. मुलाच्या वागण्याचा राग न करता त्यामागील परिस्थिती शोधावयाची आणि जमेल तेवढी ती बदलावयाची, ही त्या प्रयोगाची रीत होती. आजच्या पालकाला हवी असलेली रीत याहून निराळी नाही.

घरात ती कशी आणावयाची? पहिली गोष्ट म्हणजे हट्ट कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणी आणि कशानंतर होतो, ते आठवडाभर लक्षात ठेवावे. रोज सायंकाळी साडेसातलाच मूल चिडत असेल तर ते भुकेले असण्याचा संभव मोठा आहे. आल्याबरोबर अर्धी भाकरी हातावर ठेवली आणि दहा मिनिटे त्याच्याजवळ बसले तर पुढचा तास वाचतो. दुसरे, घरातील नियम थोडे असावेत, आधी सांगितलेले असावेत, आणि ते आई, बाप व आजी या तिघांचे एकच असावेत. आईने नाकारलेले आजीने पदराआडून दिले की नियम उरत नाही. तिसरे, ‘पळू नको’ म्हणण्यापेक्षा ‘माझा हात धर’ म्हणावे. करावयाची गोष्ट सांगितली म्हणजे मुलाला वाट दिसते. चौथे, जमेल तेथे निवड द्यावी. अंघोळ करावयाची की नाही हा प्रश्न नसतो. पण आधी अंघोळ की आधी दूध, हे मुलाला ठरविता येते.

सर्वांत दुर्लक्षिलेली गोष्ट कौतुकाची आहे. मूल तासभर शांतपणे खेळते तेव्हा त्याच्याकडे कोणी पाहत नाही; ते भांडे आपटते तेव्हा सारे घर धावून येते. लक्ष वेधण्याचा मार्ग कोणता, हे मुलाला अशा रीतीने घरच शिकविते. ‘शहाणा आहेस’ अशी मोघम शाबासकी देण्यापेक्षा ‘बहिणीला खेळणे दिलेस, हे चांगले केलेस’ असे नेमके सांगावे. किरकोळ कुरकुरीकडे काणाडोळा करावा. हट्टाचा भर असताना उपदेश करू नये. त्या वेळी ऐकण्याची शक्तीच मुलाजवळ नसते. जवळ थांबावे, त्याला आणि इतरांना इजा होणार नाही एवढे पाहावे, नकार बदलू नये आणि आवाजही चढवू नये. वादळ शमल्यावर जवळ घ्यावे आणि मग दोन वाक्यांत बोलावे. सांडलेले पाणी मुलाने स्वतः पुसावे; ही शिक्षा नव्हे, जबाबदारी होय.

याला कोणी लाड म्हणेल. मागेल ते देणे आणि मारून गप्प करणे, या दोन्हींत पालक मुलाशी बोलण्याचे श्रम टाळतात. नकार ठाम ठेवून प्रेम कायम राखणे हे दोहोंहून कठीण काम आहे. श्यामच्या आईनेही मारले होतेच की, असा दाखला काही वाचक देतील. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकात पोहावयास घाबरून लपलेल्या श्यामला आई मारते, हे खरे आहे. पण महाराष्ट्राच्या मनात घर करून राहिली ती ओल्या पायांना माती लागू नये म्हणून धरणीवर पदर पसरणारी आई. पायांना जपतोस तसे मनालाही जप, हे ती श्यामला तेव्हा सांगते आणि ते त्याच्या मनात जन्मभर रुजते.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. प्रत्येक त्रासदायक वर्तन संगोपनाने सुटणारे नसते. हाक मारल्यावर न वळणारे मूल कदाचित ऐकू न आल्यामुळे वळत नसेल. बोलणे उशिरा येणे, नजरेला नजर न देणे, क्षणभरही स्थिर न बसणे यांमागे स्वमग्नता किंवा अन्य अवस्था असू शकते. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतून आणि शाळांतून अशा तपासणीची तरतूद आहे. अशा मुलाच्या आईला ‘वळण लावले नाहीस’ म्हणून दोष देणे हा दुहेरी अन्याय होय.

आणि दोषाचाच हिशेब करावयाचा तर तो आईपाशी थांबत नाही. धीर हा सद्गुण आहे, पण तो शिणलेल्या शरीरात टिकत नाही. कष्टकरी स्त्रीला धीराचा उपदेश करणाऱ्यांनी तिला पाळणाघर दिले काय, हा प्रश्न विचारला पाहिजे. 1948 च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची तरतूद झाली. 2017 च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर तशी सक्ती आली. परंतु घरकाम करणारी, शेतात राबणारी, घरी बसून तुकड्यावर मजुरी घेणारी स्त्री या तरतुदींच्या बाहेरच राहिली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी गावोगाव नेली, पण बहुतेक ठिकाणी ती काही तासांची. आईचा कामाचा दिवस त्याहून लांब. जी सेविका पालकांना धीर देऊ शकेल, तिला वेतनाऐवजी मानधन आणि हातात नोंदवह्यांचा ढीग, अशी व्यवस्था आहे. घरातील बापाचेही तेच. मूल शांत असताना ते त्याचे असते. रडू लागले की आईचे होते. मुलाचे संगोपन ही दोघांची जबाबदारी असल्याचे ठराव करून भागणार नाही.

कायद्याचा प्रश्नही आहेच. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली. घराच्या उंबऱ्याशी मात्र तो थांबतो. स्वीडनने 1979 मध्ये घरातील मारालाही मनाई केली. त्या मनाईसाठी वेगळी शिक्षा ठेवली नाही. माहितीपत्रके घरोघर पाठविली आणि दुधाच्या खोक्यांवरही मजकूर छापला. शेजारच्या नेपाळने 2018 मध्ये असाच कायदा केला. पालकांना तुरुंगात धाडणे हा अशा कायद्याचा हेतू नसतो. मारणे हा हक्क नव्हे, हे समाजाने उघडपणे मान्य करावे, एवढेच त्याला साधावयाचे असते.

कायदा होईल तेव्हा होवो. वस्तीतील शाखेने महिन्यातून एक सायंकाळ पालकांसाठी राखून ठेवण्यास कोणाची परवानगी लागत नाही. अंगणवाडी सेविका, एखादी जाणती शिक्षिका आणि दहा-पंधरा आईबाप एवढे त्यास पुरे. व्याख्यान नको; कालचा प्रसंग सांगावा, काय केले ते सांगावे, दुसऱ्याने काय केले असते ते ऐकावे. बापांनी आवर्जून यावे आणि त्या वेळी मुलांना सांभाळण्याचे काम तरुण कार्यकर्त्यांनी करावे. त्यांचेही थोडे शिक्षण होईल. पाळणाघरासाठी मोर्चा काढावयाचा तो काढावाच. पण मोर्च्याहून रात्री घरी परतल्यावर दारात रुसून बसलेल्या मुलाशेजारी दोन मिनिटे खाली बसावे आणि ते काय सांगू पाहते आहे ते ऐकावे. ज्याचे म्हणणे लहानपणी कोणीतरी ऐकून घेतले, त्याला पुढे दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घेणे जड जात नाही; आणि लोकशाहीला नागरिक हवा असतो तो असाच.