परत येणारा बाण

दिवाळीच्या रात्री आपण जो बाण उडवतो, त्याच्याकडून आपली अपेक्षा एवढीच असते की त्याने वर जावे आणि फुटावे. तो कुणाच्या गच्चीवर पडला की कुणाच्या कडब्याच्या गंजीवर, याची चौकशी सहसा कुणी करीत नाही. सकाळी अंगण झाडताना एखादी जळकी काडी सापडते तेवढीच. याच्या अगदी उलट रीतीचा एक छंद जगात गेली सत्तरेक वर्षे रुजलेला आहे. त्यात बाण वर जाणे हे अर्धेच काम मानतात. तो धडधाकट खाली यावा, पुन्हा उडवण्याजोगा असावा, तेव्हा उड्डाण पुरे झाले असे धरतात. मॉडेल रॉकेट बांधण्याचा आणि रंगवण्याचा हा छंद अमेरिकेत जन्मला, तिथेच वाढला. आपल्याकडे तो थोड्यांनाच ठाऊक आहे. त्याच्याविषयी आज लिहितो आहे ते केवळ नवलाई म्हणून नव्हे. मुलांच्या हाती विस्तव द्यावा की नाही, आणि द्यायचा तर कसा, या प्रश्नाला एका समाजाने दिलेले उत्तर त्यात आहे. ते आपल्याही घराघरांना विचारात घेण्याजोगे आहे.

या छंदाचा मूळपुरुष शास्त्रज्ञ नव्हता. नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी ऑर्विल कार्लाइल नावाचे गृहस्थ जोड्यांचे दुकान चालवीत. त्यांना शोभेच्या दारूकामाचा नाद होता आणि त्यांचे बंधू रॉबर्ट यांना मॉडेल विमानांचा. या दोन नादांची सांगड १९५४ साली बसली आणि कागदी नळी, हलक्या लाकडाचे पंख, बदलता येणारी छोटी मोटर आणि उतरण्यासाठी छत्री असे एक चिमुकले रॉकेट तयार झाले. त्यांनी त्याला ‘रॉक-अ-शूट’ असे नाव दिले.

त्याच काळात अमेरिकेतल्या पोरांना रॉकेटचे वेड लागले होते. लोखंडी नळ्यांत घरगुती दारू ठासून ती उडवायची असा प्रकार चालू होता. नळी फुटली की लोखंडाचे तुकडे उडत, मग कुणाची बोटे जात, कुणाचे डोळे. जी. हॅरी स्टाइन हे व्हाइट सँड्स या क्षेपणास्त्र चाचणीच्या ठिकाणी सुरक्षेचे काम पाहणारे अभियंते. त्यांनी या धोक्याविषयी एका मासिकात लिहिले. ते वाचून कार्लाइल यांनी १९५७ च्या जानेवारीत त्यांना पत्र लिहिले आणि आपले नमुने पाठवले. स्टाइन यांनी ते उडवून पाहिले आणि ताडले की उत्तर हेच आहे. त्याच वर्षी या छंदाची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक सोडला आणि पोरांचे वेड शतपटीने वाढले, पण तोवर त्या वेडाला वाट काढून ठेवलेली होती. पुढे कोलोरॅडोतल्या व्हर्न एस्टीस यांनी मोटरी बनवणारे यंत्र तयार केले. त्याचे लाडके नाव ‘मेबल’. साडेपाच सेकंदांना एक मोटर ते बाहेर टाकी.

यातली खरी युक्ती अशी की दारूला हात लावण्याचे काम पोरांकडून काढून घेतले आणि बाकीचे सगळे त्यांच्याकडे ठेवले. मोटर कारखान्यात बनलेलीच वापरायची, ती उघडायची नाही, तिच्यात काही घालायचे नाही. रॉकेटच्या अंगात कागद, लाकूड, प्लास्टिक चालेल, पण धातूची नळी नाही. पेटवायचे ते विजेच्या तारेने, छोट्या मोटरींसाठी निदान पंधरा फूट दूर उभे राहून. आधी मोठ्याने उलटी गणती करायची. जोराच्या वाऱ्यात उडवायचे नाही. विजेच्या तारांत अडकलेले रॉकेट काढायला जायचे नाही. नियमावलीतली ही कलमे वाचताना मला बँकेतली तिजोरीची दुहेरी किल्ली आठवली. एकाच माणसाच्या हुशारीवर आणि प्रामाणिकपणावर सगळा भार टाकायचा नाही, हे त्या किल्लीमागचे शहाणपण. इथेही पोराने सावध राहावे अशी नुसती अपेक्षा केलेली नाही, तर व्यवस्थाच तशी लावलेली आहे.

निवृत्तीनंतर मुलीकडे कोलोरॅडोत दोन उन्हाळे काढले, तेव्हा नातवाबरोबर अशी रॉकेटे बांधण्याचा योग आला. हातात घेतल्यावर कळले की यातले काम आपल्या आकाशकंदिलाच्या जातीचे आहे. पूर्वी घरोघर बांबूच्या कामट्या तासून, दोऱ्याने बांधून, खळीने पतंगी कागद चिकटवून कंदील होत असे. एक कामटी तिरकी गेली की सगळा सांगाडा रुसायचा. रॉकेटचेही तसेच. पंख बाल्सा लाकडाचे. ते इतके हलके की तळहातावर असल्याचे कळत नाही. त्याच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवून कापावे लागते, नाहीतर पंख मोडतो. तिन्ही पंख नळीवर सारख्या अंतरावर आणि सरळ बसावे लागतात. डिंक वाळेपर्यंत थांबावे लागते. आठ वर्षांच्या मुलाला रात्रभर थांबायला लावणे हे पंख चिकटवण्याहून अवघड काम, पण दुसऱ्या रॉकेटपासून तो न सांगता थांबू लागला.

मग तोल पाहायचा. रॉकेटचा गुरुत्वमध्य जिथे असतो, त्याच्या मागे हवेच्या दाबाचा मध्य पडला पाहिजे, तोही निदान नळीच्या जाडीइतका मागे. नाहीतर रॉकेट हवेत कोलांट्या खाते. हे तपासायची साधी रीत म्हणजे मोटर घातलेले रॉकेट तोलाच्या जागी दोरी बांधून डोक्याभोवती फिरवायचे. नाक पुढे ठेवून फिरले तर ठीक, आडवे झाले तर नाकात थोडे वजन भरायचे. नातवाला बाणाच्या शेपटाला पिसे का लावतात ते त्या दिवशी कळले, आणि त्याच्या आजोबांनाही.

मोटरीवर ए८-३ अशी अक्षरे असतात. पहिले अक्षर एकूण जोराचे. पुढच्या प्रत्येक अक्षराला त्याची कमाल मर्यादा दुप्पट होते. आठ म्हणजे सरासरी आठ न्यूटनचा रेटा. तीन म्हणजे दारू जळून संपल्यावर तीन सेकंदांची उसंत. रेटा जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद टिकतो. पुढे रॉकेट आपल्याच वेगाने चढत राहते, त्या वेळात मोटर नुसता धूर सोडते, आणि शिखराच्या आसपास एक छोटा भडका उलट्या दिशेने उडून नाक निखळते व छत्री बाहेर पडते. छत्री जळू नये म्हणून मध्ये न पेटणाऱ्या कागदाचे बोळे घालावे लागतात.

रंगकाम हे मात्र स्वतंत्र प्रकरण आहे आणि कित्येक हौशी मंडळी त्यातच रमतात. नळीवर कागदाच्या गुंडाळीची नागमोडी खाच दिसते, लाकडावर रेषा दिसतात. तिथे लांबी भरायची, वाळली की पॉलिशपेपरने घासायचे, पुन्हा भरायची. मग अस्तराचा पांढरा हात. आधी फिका रंग, नंतर गडद. पट्टे हवे असतील तर चिकटपट्टी लावून आखायचे. रंगाचे पातळ हात चार द्यावेत, जाड हात एक देऊ नये, कारण जाड रंग ओघळतो आणि त्याचे वजनही होते. शेपटाकडे जास्त रंग बसला तर तोलही बिघडतो.

यात निव्वळ नटवेपणा नाही. मोठ्या रॉकेटांवर काळ्या-पांढऱ्या चौकटी असतात, त्या शोभेसाठी नसतात. दुसऱ्या महायुद्धातल्या व्ही-२ पासून चंद्रावर माणसे नेणाऱ्या सॅटर्न-५ पर्यंत हे पट्टे होते, ते दुर्बिणीतून आणि चित्रफितीत रॉकेट स्वतःभोवती किती फिरते आहे ते दिसावे म्हणून. छोट्या रॉकेटला भडक नारिंगी रंग देतात तो गवतात सापडावे म्हणून. आमच्या नातवाने मुंबईची टॅक्सी पाहिलेली असल्याने त्याला काळा-पिवळाच हवा होता. तोही वाळक्या गवतात झकास दिसला असता, पण पिवळे गवत आणि पिवळा रंग यांचे नाते त्याला पहिल्या शोधमोहिमेनंतर उमगले. दुसऱ्या दिवशी पिवळ्यावर नारिंगी चढला.

हे सगळे पाहताना मला आमची आळी आठवत राहिली. पन्नासेक वर्षांपूर्वी दिवाळी सरली की आम्ही पोरे फुसके फटाके गोळा करीत असू. ते मोडून आतली दारू कागदावर ओतायची आणि काडी लावायची. आमच्यातला एकजण जास्त चौकस होता. दारू मोकळी ठेवली तर नुसती भुरकन जळते आणि कोंडली तर फुटते, हे त्याने स्वतः शोधून काढले होते. एका दुपारी ती त्याने पितळी नळीत कोंडली. उजव्या हाताची दोन बोटे गेली. आळीने मग जे केले ते कुठलीही आळी करते. सगळ्या पोरांना बदडले, खटपटीची म्हणून जी जी वस्तू घरात होती ती माळ्यावर टाकली, ‘अभ्यास करा’ म्हणून सांगितले. तो मुलगा पुढे गॅरेजमध्ये मिस्त्री झाला, उत्तम मिस्त्री. पण कोंडलेली दारू का फुटते हे त्याला कुणी कधी समजावून दिले नाही. जो प्रश्न त्याने बोटे देऊन विचारला होता, त्याला आम्ही शिक्षा सुनावली, उत्तर दिले नाही.

पश्चिम व्हर्जिनियातल्या कोलवुड या खाणगावातला होमर हिकॅम हा मुलगाही घरगुती रॉकेटे करीत होता. पहिल्याने आईच्या बागेचे कुंपण उडवले. पुढे तो नासात अभियंता झाला आणि १९९८ साली त्याचे आत्मचरित्र ‘रॉकेट बॉइज’ गाजले. अशा गोष्टी वाचून घरात दारू कुटावी असे कुणी समजू नये. हिकॅम वाचला म्हणून आपल्याला ठाऊक झाला. ज्यांची बोटे गेली त्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत.

आपल्याकडे रॉकेटविद्या परकी नाही. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिले रॉकेट उडाले. ते अमेरिकेहून आणलेले होते, पण १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ ने उपग्रह कक्षेत ठेवला तो आपल्या घन इंधनावर. या इंधनाच्या कामातले एक अग्रणी, पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर, तेव्हा विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ उतरताना घरोघरी मुले पडद्यासमोर बसली होती. टाळ्या त्यांनी मनापासून वाजवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाताला काही काम मिळाले का, हा माझा प्रश्न आहे.

स्फोटके बनवणे-बाळगणे आपल्याकडे १८८४ च्या कायद्यापासून परवान्याच्या कक्षेत आहे आणि ते योग्यच आहे. म्हणून मोटरीचे रॉकेट हा घरचा उद्योग नव्हे, हे आईवडिलांनी पक्के ध्यानात ठेवावे. पण मोटरीवाचून होण्यासारखे पुष्कळ आहे. पीएसएलव्ही ४४ मीटर उंच आहे. शंभराव्या हिश्शाने केले तर ४४ सेंटिमीटर, म्हणजे पुस्तकांच्या फळीवर मावणारे. पुठ्ठा, खळ, लांबी आणि रंग एवढे भांडवल पुरे. शीतपेयाच्या प्लास्टिक बाटलीत एक तृतीयांश पाणी घालून सायकलच्या पंपाने हवा भरली की ती मोकळ्या मैदानात उत्तम उडते. डोळ्यांना चष्मा, दुरून सोडायची दोरी आणि शेजारी वडीलधारे माणूस मात्र हवे.

त्यापुढचा टप्पा संस्थांचा. इन-स्पेसने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेटची स्पर्धा सुरू केली आहे, ही चांगली गोष्ट. अमेरिकेत शाळकरी मुलांची अशी स्पर्धा २००३ पासून होते. तिथे रॉकेटातून कच्चे अंडे ठरावीक उंचीवर नेऊन न फुटता खाली आणायचे असते. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, नागपूरचे रमण विज्ञान केंद्र, गावोगावच्या शाळा यांनी परवानाधारक जाणकारांच्या देखरेखीखाली वर्षातून दोनदा एखादे मैदान मुलांना खुले केले, तर खर्च एका स्नेहसंमेलनाहून जास्त येऊ नये.

धोका नको म्हणून मुलांना खटपटच नको, हा आपला जुना हिशेब आहे. त्यात जमेच्या बाजूला काही दिसत नाही. कारण त्याच मुलांच्या हाती दर दिवाळीला आपण पेटती काडी आणि बाटलीतला बाण देतोच, आणि तेव्हा पंधरा फुटांचा नियम कुणाला आठवत नाही. जोड्यांच्या एका दुकानदाराने आणि सुरक्षेच्या एका अभियंत्याने पोरांचे वेड मोडले नाही, त्याला शिस्त लावली. एवढे आपल्यालाही जमायला हरकत नाही.