विश्लेषण : वनौषधींवरचा ‘सेंद्रिय’ शिक्का काय सांगतो, काय सांगत नाही?

अश्वगंधा चूर्ण, शतावरी कल्प, गुळवेलीचा रस, त्रिफळ्याच्या गोळ्या… करोनाच्या साथीनंतर या वस्तू किराणा दुकानापासून मोबाइल अ‍ॅपपर्यंत सगळीकडे दिसू लागल्या. त्यातल्या अनेकांवर ‘सेंद्रिय’, ‘नैसर्गिक’, ‘पर्यावरणपूरक’ असे शब्द ठळक छापलेले असतात आणि त्यासाठी ग्राहक जास्तीचे पैसेही मोजतो. हे पैसे ज्याने मुळी खणली किंवा फळ वेचले त्याच्यापर्यंत पोहोचतात का? ज्या झाडाचे ते फळ आहे, ते झाड पुढच्या वर्षी उभे असेल का? या दोन प्रश्नांची उत्तरे लेबलवर सापडत नाहीत. ती का सापडत नाहीत आणि कुठे शोधायची, याविषयी…

वनौषधी येतात कुठून?

बहुतेकांचा समज असतो की औषधी वनस्पती शेतात पिकतात. काही बाबतीत ते खरे आहे. अश्वगंधेचे पीक मध्य प्रदेशातील नीमच, मंदसौर पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. तुळस, कोरफड, सफेद मुसळी यांचीही शेती होते. पण एकूण चित्र वेगळे आहे. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १,१७८ वनस्पतींचा व्यापार होतो. त्यापैकी २४२ वनस्पती अशा आहेत, ज्यांची वर्षाला १०० टनांहून अधिक उलाढाल होते. या २४२ पैकी जवळपास ७२ टक्के वनस्पती मुख्यतः जंगलातून आणि पडीक जमिनीवरून गोळा केल्या जातात.

म्हणजेच या उद्योगाचा पाया शेतकऱ्याइतकाच जंगलात जाऊन वेचणाऱ्या माणसावर उभा आहे. महाराष्ट्रात भीमाशंकर, जुन्नर, आंबेगाव भागातील महादेव कोळी, शहापूर आणि रायगडमधील कातकरी, नंदुरबारमधील भिल्ल आणि पावरा, गडचिरोलीतील गोंड आणि माडिया हे समाज पिढ्यान् पिढ्या हिरडा, बेहडा, गुळवेल, मोह, डिंक गोळा करत आले आहेत.

‘सेंद्रिय’ प्रमाणपत्र म्हणजे काय?

भारतात सेंद्रिय प्रमाणनाच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली ‘राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम’ म्हणजे एनपीओपी. २००१ पासून चालणाऱ्या या कार्यक्रमाचे काम ‘अपेडा’ पाहते. त्यात त्रयस्थ संस्था शेताची आणि कागदपत्रांची तपासणी करते. दुसरी ‘पीजीएस-इंडिया’. यात गावातल्या शेतकऱ्यांचे गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करून हमी देतात. ही पद्धत स्वस्त असल्याने लहान शेतकऱ्याला परवडते, पण निर्यातीसाठी तिचा फारसा उपयोग होत नाही. या दोन्हींपैकी एक प्रमाणपत्र असलेल्या खाद्यपदार्थांवर ‘जैविक भारत’ हे चिन्ह असते. त्याचे नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये आणले.

प्रमाणपत्र मिळण्यासाठी जमिनीला रूपांतराचा काळ काढावा लागतो. हंगामी पिकांसाठी तो साधारण दोन वर्षे, तर बहुवर्षायू पिकांसाठी तीन वर्षे असतो. या काळात रासायनिक खते आणि कीटकनाशके वापरायची नाहीत, उत्पादन घटले तरी सोसायचे आणि माल मात्र साध्या भावाने विकायचा. सेंद्रिय माल महाग असण्यामागे हे एक खरे कारण आहे.

मग अडचण कुठे आहे?

सेंद्रिय प्रमाणनाचा मुख्य भर रसायनांवर आहे. जंगलातल्या मालासाठीही त्यात नियम आहेत. गोळा करण्याच्या भागात बंदी असलेली रसायने वापरलेली नसावीत, तो रासायनिक शेतीपासून पुरेसा दूर असावा आणि झेपेल त्याहून जास्त तोड होऊ नये, असे ते सांगतात. पहिल्या दोन अटी तपासणे सोपे आहे. तिसरी अवघड आहे. एका डोंगरावर बेहड्याची किती झाडे आहेत, त्यांतली किती फळे वेचली तर नवी रोपे उगवत राहतील, हे मोजायला वर्षानुवर्षे नोंदी ठेवाव्या लागतात. तपासनीसाच्या एका फेरीत ते कळत नाही.

शिवाय वेचणाऱ्याला किलोमागे काय भाव मिळाला, हे ठरवणे या प्रमाणपत्राचे काम नाही. त्यामुळे एखादे चूर्ण कागदोपत्री शंभर टक्के सेंद्रिय असूनही त्यामागे ओरबाडलेले जंगल आणि नाडलेला माणूस असू शकतो.

आणखी एक पोकळी आहे. ‘जैविक भारत’चे नियम खाद्यपदार्थांना लागू होतात. तेच चूर्ण ‘आयुर्वेदिक औषध’ म्हणून विकले, तर ते औषध कायद्याखाली येते. एकाच फळीवर शेजारी ठेवलेल्या दोन डब्यांना म्हणूनच वेगवेगळे नियम असतात. ग्राहकाला याची कल्पना क्वचितच असते.

अनिर्बंध तोडीने काय झाले?

सह्याद्रीतील नरक्या हे याचे ठळक उदाहरण. या झाडातून मिळणाऱ्या ‘कॅम्प्टोथेसिन’पासून कर्करोगावरील औषधे तयार होतात. मागणी वाढली तशी कोल्हापूर, सिंधुदुर्ग पट्ट्यात नरक्याची चोरटी तोड सुरू झाली आणि झाडे बुंध्यासकट, मुळांसकट नेली जाऊ लागली. हिमालयातील जटामांसीची स्थिती त्याहून गंभीर आहे. तिचा औषधी भाग जमिनीखाली असल्याने ती उपटावीच लागते. आज ती अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९७ पासून ‘साइट्स’ कराराचे नियंत्रण आहे.

यातला साधा नियम असा की, वनस्पतीचा कोणता भाग वापरला जातो यावर तिचे भवितव्य ठरते. फळ किंवा पान तोडले तर झाड टिकते. मुळी किंवा साल काढली तर झाड जाण्याची शक्यता जास्त. गुळवेलीचा वेल जमिनीपासून थोडा वर ठेवून कापला तर पुन्हा फुटतो, मुळासकट ओढला तर संपतो. जाणत्या वेचणाऱ्याला हे ठाऊक असते. पण व्यापारी वजनावर भाव देतो आणि घाई करतो, तेव्हा जाणतेपणा परवडत नाही.

वेचणाऱ्याच्या पदरात किती पडते?

गौण वनोपजासाठी केंद्र सरकारने २०१३-१४ पासून किमान आधारभूत किमतीची योजना आणली. मे २०२० मध्ये दर वाढवले गेले, तेव्हा गुळवेलीचा दर किलोला २१ वरून ४० रुपये झाला. हिरड्याचा दर १५ रुपये होता. कोवळ्या, वाळवलेल्या ‘बाळहिरड्या’ला बाजारात याहून कितीतरी जास्त भाव मिळतो, पण तो हंगामागणिक आणि व्यापाऱ्यागणिक बदलतो. सरकारी खरेदी केंद्र वेळेवर उघडले नाही, तर माल दारात आलेल्या व्यापाऱ्यालाच द्यावा लागतो. पावसाळ्याच्या तोंडावर रोख पैशाची गरज असते आणि घरात माल साठवायला कोरडी जागा नसते. व्यापाऱ्याला हे पक्के माहीत असते.

जोखीमही वेचणाऱ्याच्याच माथी असते. जून २०२० मधील ‘निसर्ग’ चक्रीवादळात जुन्नर, आंबेगाव भागातील हिरड्याचे मोठे नुकसान झाले. आंबा, काजूच्या नुकसानीची भरपाई मागता येते, पण हिरडा कोणत्या पिकात मोडतो याचेच उत्तर यंत्रणेकडे नव्हते. त्या भरपाईसाठी आदिवासींना पुढची काही वर्षे मोर्चे काढावे लागले.

कायदा काय सांगतो?

वनहक्क कायदा, २००६ ने गौण वनोपजावर मालकी, ते गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क पारंपरिक वननिवासींना दिला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने सामूहिक वनहक्क मिळवून बांबूच्या विक्रीवर ग्रामसभेचे नियंत्रण आणले, तेव्हा हा हक्क कागदावरून जमिनीवर येऊ शकतो हे दिसले.

दुसरा कायदा जैवविविधतेचा, २००२ चा. जैविक संपत्तीचा व्यापारी वापर करणाऱ्याने लाभाचा वाटा स्थानिकांना द्यावा, असे तो सांगतो. २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हा वाटा उलाढालीनुसार विक्रीच्या ०.१ ते ०.५ टक्के होता. ही अट फक्त परदेशी कंपन्यांना आहे, असा युक्तिवाद दिव्य फार्मसीने केला होता. डिसेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि भारतीय कंपन्यांनाही वाटा द्यावा लागेल, असा निकाल दिला.

मात्र २०२३ च्या दुरुस्तीने चित्र पुन्हा बदलले. लागवडीच्या औषधी वनस्पती आणि ग्रंथांत नोंदलेले पारंपरिक ज्ञान यांना बऱ्याच अंशी सूट मिळाली. लागवडीला सूट देण्यामागचा हेतू चांगला आहे, कारण शेतात पिकले तर जंगलावरचा ताण कमी होतो. पण जंगलातला माल ‘लागवडीचा’ म्हणून दाखवला गेला तर तो ओळखणार कोण? उत्पत्तीचा दाखला किती काटेकोरपणे दिला जातो, यावर सगळे अवलंबून आहे.

चांगली उदाहरणे आहेत का?

आहेत आणि ती घराजवळची आहेत. उत्तर सह्याद्रीत पुण्यातील एका पर्यावरण संस्थेच्या पुढाकाराने हिरडा आणि बेहड्यासाठी ‘फेअरवाइल्ड’ प्रमाणन आणले गेले. स्वित्झर्लंडमधील २००८ साली स्थापन झालेल्या संस्थेचे हे मानक जंगलातून गोळा होणाऱ्या वनस्पतींसाठीच आहे. यात झाडांची गणना होते, किती फळे वेचायची याची मर्यादा ठरते आणि वेचणाऱ्याला ठरलेला भाव मिळून वर समाजासाठी वेगळा निधीही द्यावा लागतो. बेहड्याच्या जुन्या झाडांच्या ढोलीत धनेश घरटे करतो. पूर्वी ही झाडे सरपणासाठी, लाकडासाठी तोडली जात. फळाला खात्रीचा आणि बरा भाव मिळू लागला तेव्हा झाड उभे ठेवण्यात मालकाचा फायदा झाला. सोबत धनेशचे घरही राहिले.

शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेलीच्या बाबतीत वेगळी वाट चोखाळली. वन धन केंद्राच्या मदतीने त्यांनी मधले व्यापारी टाळून मोठ्या औषध कंपन्यांकडून थेट दीड कोटी रुपयांहून अधिक किमतीची मागणी मिळवली.

शेतकऱ्याने काय काळजी घ्यावी?

औषधी वनस्पतींच्या शेतीत फसवणुकीचा इतिहास जुना आहे. सफेद मुसळी, कोरफड, स्टीव्हिया यांच्या लागवडीची लाट राज्यात येऊन गेली. महागडी रोपे विकायची, ‘माल आम्हीच घेऊ’ असे लिहून द्यायचे आणि काढणीच्या वेळी कार्यालयाला कुलूप, हा अनुभव अनेकांनी घेतला आहे. त्यामुळे खरेदीदार कोण, त्याच्याकडे प्रक्रिया उद्योग आहे का, कोणत्या प्रतीला किती भाव, हे लागवडीआधी लेखी स्वरूपात हवे. प्रमाणपत्राचा खर्च कोण करणार आणि ते कोणाच्या नावावर राहणार, हेही विचारायला हवे. ते कंपनीच्या नावावर असेल तर शेतकऱ्याला आपला सेंद्रिय माल सेंद्रिय म्हणून दुसरीकडे विकता येत नाही.

ग्राहकाने काय पाहावे?

डबीवर ‘सेंद्रिय’ शब्दासोबत प्रमाणपत्राचे चिन्ह आणि क्रमांक आहे का, हे आधी पाहावे. वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग लिहिला आहे का, हेही तितकेच महत्त्वाचे. अश्वगंधेत मुळीऐवजी स्वस्त पाने मिसळण्याच्या प्रकारांमुळे आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये पाने न वापरण्याची सूचना केली. गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या प्रजातीबाबत २०२२ मध्ये सावध केले. माल कोणत्या जिल्ह्यातून आला, शेतातला की जंगलातला, हे विचारले तर प्रामाणिक विक्रेता उत्तर देतो.

पुढे काय व्हायला हवे?

‘सेंद्रिय’ या शब्दाची व्याख्या रसायनांपाशी थांबवून चालणार नाही. जंगलातून येणाऱ्या प्रत्येक मालाला गोळा केल्याच्या ठिकाणाचा दाखला हवा आणि तो देण्याचा अधिकार ग्रामसभेला हवा. जंगलात काय आणि किती उरले आहे, हे तिच्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत नसते. हमीभावाची केंद्रे हंगामाआधी उघडायला हवीत. कंपन्यांनी वेचणाऱ्याला दिलेला दर जाहीर करावा. ज्यांचा व्यवहार स्वच्छ आहे, त्यांना यात अडचण नसावी. असे झाले नाही तर त्रिफळ्याची डबी दुकानात आणखी काही वर्षे दिसेल, पण तिच्यातला हिरडा कोणी आणि कुठून आणला हे कोणालाच सांगता येणार नाही. एक दिवस तो आणणाराही उरणार नाही.