पिपच्या कोठीला कुलूप कोणी लावलं?



गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला बेळगावहून मावसभावाचा व्हिडिओ कॉल आला. "ताई, उद्या कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचाय आणि हे पिप पिवळ्या अक्षरांत ओरडतंय. आईच्या फोनचा डेटाही संपत आलाय!"

मी बीए इंग्लिश. पण बेंगळुरूत राहून टर्मिनलची भीती जाते. (पहिली पायकॉन इंडिया २००९ साली इथल्याच भारतीय विज्ञान संस्थेत भरली होती, शहराच्या हवेतच पायथन आहे म्हणा ना.)

इशारा असा होता: कॅशचं फोल्डर तुमच्या मालकीचं नाही, म्हणून कॅश बंद केली आहे. कॅश म्हणजे घरातली कोठी. एकदा आणलेलं पॅकेज पिप तिथे ठेवतं, पुढच्या वेळी तेच पुन्हा उतरवत बसत नाही. कोठी बंद झाली तरी पॅकेज बसतं, पण दर वेळी नव्याने उतरवावं लागतं. काही पॅकेजेस शेकडो एमबीची असतात, आणि भाऊ तेच पॅकेज तिसऱ्यांदा उतरवत होता!

मग कुलूप लावलं कोणी? त्यानेच. "मागे कधी पिपच्या आधी सुडो लिहिलं होतंस का?" "हो, एका व्हिडिओत तसं सांगितलं होतं."

सुडो म्हणजे थोडा वेळ 'रूट' होणं. बेंगळुरूत भाड्याने राहणाऱ्यांना रूट पटकन कळतो: तो घरमालक! भावाच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू १८.०४ आहे. त्यात सुडो वापरलं तरी होम फोल्डर तुमचंच राहतं. म्हणजे सामान ठेवलं घरमालकाने, पण तुमच्या कोठीत. आता त्यावर नाव त्याचं.

तुमच्याकडे असं झालं, तर फोल्डरचा पत्ता इशाऱ्यातच असतो. आधी 'एलएस' आणि 'उणे एलडी' लिहून पुढे तो पत्ता द्या. मालक म्हणून 'रूट' दिसला, की दुखणं सापडलं. मग सुडो, पुढे 'चाउन' (स्पेलिंग सी-एच-ओ-डब्ल्यू-एन), उणे कॅपिटल आर, तुमचं युजरनेम आणि शेवटी तोच पत्ता. इथे मात्र घाई नको. पत्त्याऐवजी नुसती तिरपी रेघ पडली, तर अख्ख्या सिस्टिमचे मालक बदलतात आणि लॅपटॉप दुकानात न्यावा लागतो.

कोणी '७७७ परवानगी देऊन टाक' म्हणालं तर ऐकू नका. तो कोठीचं दार गल्लीला उघडं टाकण्याचा प्रकार आहे. आणि पुन्हा सुडो पिप तर नकोच, कारण उबुंटूची स्वतःची काही कामंही पायथनवर चालतात. त्यात उलटसुलट आवृत्ती घुसली की भलतंच काहीतरी बंद पडतं. प्रत्येक प्रोजेक्टसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, तिथे सुडो लागतच नाही.

भावाने मला दाखवत दाखवत एकेक अक्षर टाइप केलं. पुढच्या वेळी पॅकेज बसवताना पडद्यावर 'युजिंग कॅश्ड' आलं, तेव्हा मागून मावशीचा आवाज आला, "झालं असेल तर माझा फोन दे आता!"