हा प्रश्न तो कुणाला विचारणार?

गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याचा रात्री साडेअकराला मेसेज आला. 'सर, एक बात पूछनी है, नाराज मत होना.' मग दहा मिनिटे काही नाही. नंतर प्रश्न आला : एचआयव्हीची तपासणी केली तर घरी कळते का?

वीस वर्षे उर्दू आणि मराठी शिकवतोय. तरीही आधी मनात आले ते हेच, की हा पोरगा असा कसा निघाला? उत्तर मी सकाळी दिले. दोन दिवसांनी त्याने स्वतःच सांगितले, की त्याला मुलेच आवडतात.

उत्तर तसे सोपे होते. सरकारी केंद्रात तपासणी मोफत होते. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल कुणाला सांगताही येत नाही. 1097 या हेल्पलाइनवर नाव न सांगता विचारता येते. पण त्याची अडचण वेगळी होती. केंद्राशेजारच्या खिडकीवर त्याची खाला दर महिन्याला बीपीच्या गोळ्या घ्यायला येते. शेवटी तो दुसऱ्या गावी गेला.

अशा मुलांसाठी मोबाइलवरचे कार्यक्रम किती कामाचे, हे मी त्यानंतर वाचू लागलो. अमेरिकेत 'कीप इट अप' नावाचा एक कार्यक्रम आहे. शिकागो, न्यूयॉर्क आणि अटलांटा इथल्या 18 ते 29 वयाच्या 901 समलिंगी व उभयलिंगी तरुणांवर तो तपासून पाहिला गेला. तपासणी निगेटिव्ह आलेल्यांनाच त्यात घेतले होते. आपण सुटलो, असे वाटते त्या घडीला माणूस नीट ऐकतो. दोन्ही गटांना ऑनलाइनच शिकवले. एका गटाला नुसती माहिती दिली, तर दुसऱ्याला त्यांच्या रोजच्या प्रसंगांवर बेतलेले व्हिडिओ आणि खेळ. वर्षानंतर दुसऱ्या गटात गनोरिया आणि क्लॅमिडियाची लागण 40 टक्क्यांनी कमी आढळली. फळ्यावर व्याख्या लिहून देणारा मास्तर आणि गोष्ट सांगणारा मास्तर यांतला फरक मला नवा नाही.

आपल्याकडे मुंबईत हमसफर ट्रस्ट 1994 पासून या तरुणांमध्ये काम करतो. त्यांच्या 'चलो' या प्रयोगात त्यांच्यासारख्याच तरुणांकडून व्हॉट्सअॅप आणि ईमेलवर संदेश जात. कल्पना चांगलीच आहे. पण आमच्या मोहल्ल्यात एक फोन दोन भाऊ वापरतात. स्क्रीनवर 'कंडोम' शब्द उजळला की संपले. शिवाय मेसेजला निळी टिक आली म्हणजे रक्त तपासले गेले असे नाही. मेसेजच्या पुढे एक दार असावे लागते, आणि ते खालाच्या खिडकीशेजारी नसावे.

दुसरी गोष्ट भाषेची. मराठीत 'समलिंगी' हा वर्तमानपत्री का होईना, शब्द आहे. उर्दूत 'हमजिंसपरस्त' म्हणतात. त्यातला 'परस्त' म्हणजे पुजारी. ज्याच्यावर आधीच आरोप आहे, त्याला आम्ही संबोधनातच आणखी एक चिकटवतो. बाकी मोहल्ल्यात जे शब्द आहेत, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मित्र म्हणतात, अशाने या गोष्टी वाढतील. दीनमध्ये याला जागा नाही, हेही ऐकवतात. मी मुफ्ती नाही, त्या वादात पडत नाही. पण जान वाचवणे आणि दुसऱ्याची पर्दापोशी करणे, हेही याच दीनने शिकवले आहे. धोक्याचा संबंध आल्यावर 72 तासांच्या आत औषध सुरू केले तर लागण टाळता येते. त्या 72 तासांत मुलगा आपल्या भीतीने गप्प बसला, तर त्याचा हिशेब कुणाच्या नावावर लिहायचा?

त्याचा निकाल निगेटिव्ह आला. तिथल्या समुपदेशकाने त्याला प्रेपच्या गोळ्यांबद्दलही समजावले. आता आम्ही दोघे मिळून उर्दूत एक पानभर माहिती लिहितोय : तपासणी, 72 तास, 1097. पहिला मसुदा मी केला होता. त्याने तो परत पाठवला. 'सर, हमजिंसपरस्त काढा.' मी काढला. त्या जागी काय लिहायचे, यावर आमचे अजून चालू आहे.