मिळकत पत्रिकेत न मावलेली माणसे

पुण्याच्या पेठांतला एखादा जुना वाडा विकसनाला निघाला की त्याच्या मालकीचा शोध मोठ्या काटेकोरपणे होतो. मिळकत पत्रिकेचा उतारा निघतो, दुय्यम निबंधकांकडच्या सूची क्रमांक दोन तीस वर्षे मागे जाऊन चाळल्या जातात, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते आणि शेवटी वकिलांचा शोध अहवाल हाती पडतो. बँकेला, विकसकाला आणि महापालिकेला हवे असलेले उत्तर त्यात असते: आजचा मालक कोण, आणि त्याच्या हक्कावर कुणाचा बोजा आहे का. त्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिले कोण, हा प्रश्न त्या फायलीत कुणी विचारलेलाच नसतो.

या मासिकाचे बहुतेक वाचक याच कामात आहेत. कुणी शोध अहवाल लिहितात, कुणी मोडी वाचून देतात, कुणी वाडा पाडण्याआधी त्याची मोजमापे घेतात, कुणी स्थानिक इतिहास लिहितात. मालकाचा माग काढण्यात या सगळ्यांचा हात बसलेला आहे. राहणाऱ्यांचा माग काढण्याची रीत मात्र अजून बसलेली नाही, आणि वाडे ज्या वेगाने पडत आहेत तो पाहता ती बसवायला फार अवधी उरलेला नाही.

विंचूरकर वाडा घ्या. सदाशिव पेठेतला हा वाडा विंचूरच्या सरदार घराण्याचा. लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये नारायण पेठेतला गायकवाड वाडा विकत घेतला. त्याआधी बरीच वर्षे त्यांचे बिऱ्हाड विंचूरकरांच्या वाड्यात होते. १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद पुण्यात आले ते इथेच टिळकांकडे उतरले. आता नुसती मालकीची साखळी जुळवत गेले तर गायकवाड वाड्यात, म्हणजे आजच्या केसरीवाड्यात, टिळक खरेदीदार म्हणून भेटतात. विंचूरकर वाड्यात ते कुठेच भेटत नाहीत, कारण ती वास्तू त्यांच्या नावावर कधीच नव्हती. टिळकांबद्दलची ही माहिती चरित्रांनी जपली. त्याच काळात पेठांतल्या खोल्यांमधून राहिलेल्या हजारो कारकून, शिक्षक, छापखान्यातले जुळारी, विधवा आणि वारावर जेवणारे विद्यार्थी यांची चरित्रे कुणी लिहिली नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचायला कागदच लागतात.

बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात तर ही फट थेट न्यायालयात दिसली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा भरवली ती या वाड्यात. जागा दिली तात्यासाहेब भिड्यांनी. वाड्याला नाव मालकाचे राहिले, महत्त्व मात्र तिथे भरलेल्या शाळेमुळे आले. राष्ट्रीय स्मारकासाठी महापालिकेला जागा हवी होती, आणि तिथले व्यावसायिक व जागेवर हक्क सांगणारे आपापली बाजू घेऊन उभे होते. वाद वर्षानुवर्षे चालला, २०२३ मध्ये निकाल महापालिकेच्या बाजूने लागला आणि त्याच वर्षाच्या शेवटी जीर्ण झालेला वाडा उतरवण्यात आला. एका वास्तूत मालक, भोगवटादार आणि तिचा इतिहास घडवणारी माणसे असे तीन निरनिराळे गट असू शकतात, हे या प्रकरणाइतके स्वच्छ दुसरीकडे क्वचित दिसेल.

मालकीच्या कागदांतही आपण वाचतो त्यापेक्षा जास्त माणसे असतात. मिळकत पत्रिकेवर ‘हक्काचा मूळ धारक’ आणि ‘नवीन धारक’ या रकान्यांवरून नजर सरळ खाली घसरते आणि नावामागची लहान अक्षरे सुटतात. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ती तीन अक्षरे दिसली की त्या एका नावाआड भाऊ, पुतणे, त्यांची बायकामुले असे सबंध कुटुंब उभे आहे, हे धरून चालावे. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता, आणि तिथे पुष्कळदा आई असते. हिंदू स्त्रियांचे मालमत्तेचे हक्क १९३७ च्या आणि नंतर १९५६ च्या कायद्याने वाढत गेले. त्याआधीच्या नोंदींत बाई शोधायची तर ती अशा पालनकर्त्याच्या जागी, पोटगीच्या बोज्यात किंवा दत्तकपत्रात सापडते. ‘इतर भार’ आणि ‘इतर शेरे’ हे रकाने म्हणूनच अक्षर न अक्षर उतरवून घ्यायला हवेत. पत्रिकेच्याही मागे नगर भूमापनाच्या वेळची चौकशी नोंदवही असते. धारकाने आपला हक्क कशावरून सांगितला, कोणता कागद दाखवला, शेजाऱ्याने हरकत घेतली का, हे तिथे कळते.

नोंदणी कार्यालयाबद्दलही एक गोष्ट नवोदितांना पुन्हा सांगायला हवी. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने नोंदणीकृत दस्तानेच होऊ लागली, आणि १९०८ च्या नोंदणी कायद्याने पुस्तक क्रमांक एक व त्याच्या सूची फी भरून कुणालाही पाहता येतात. पण घरातल्या घरात झालेली तोंडी वाटणी, वारसाने आलेला हक्क, हक्कलेख ठेवून केलेले गहाण यांचा दस्त तिथे सापडेलच असे नाही. साखळीत खंड पडला म्हणजे काही लपवले गेले, असा निष्कर्ष लगेच काढू नये. बहुतेक वेळा तिथे एक मृत्यू झालेला असतो, आणि त्याची नोंद महापालिकेच्या मृत्यू नोंदवहीत पत्त्यासह मिळू शकते.

जुन्या दस्तांतला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस तमक्याचा परसू, उत्तरेस सरकारी रस्ता. वकील हा मजकूर मिळकतीची ओळख पटवण्यापुरता वाचतात आणि पुढे जातात. वास्तविक ज्या वाड्याचे स्वतःचे कागद हरवले आहेत, त्याच्या चारी बाजूंच्या शेजाऱ्यांच्या दस्तांत त्याचा मालक चार वेळा नोंदलेला असतो. शेजारच्या घराचे खरेदीखत १८९० चे, पलीकडच्याचे गहाणखत १९१२ चे, मागच्या घराचे वाटणीपत्र १९३० चे मिळाले, तर मधल्या वाड्याच्या मालकांची माळ त्या तीन तारखांना आपोआप टाचली जाते. पुष्कळदा सीमेत मालकाऐवजी वहिवाटदाराचेच नाव येते, कारण लिहून देणाऱ्याच्या दृष्टीने शेजारी म्हणजे रोज दिसणारा माणूस. राहणाऱ्यांच्या शोधात या चुकीइतकी उपयोगी चूक दुसरी नाही. तेव्हा एका वाड्याचे काम हाती घेतले तरी सूची पाहताना लगतच्या सगळ्या क्रमांकांचे दस्त काढावेत. खर्च थोडा वाढतो, हाती येते ते पुष्कळ.

क्रमांकांचा मात्र घोळ असतो. जुना म्युनिसिपल घर नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर हे दोन वेगळे. एकाच कुटुंबाच्या कागदांत दोन्ही आलटूनपालटून येतात. पेठांची नावेही स्थिर नव्हती. बुधवार पेठ एके काळी मोहियाबाद होती, शुक्रवार पेठ विसापूर, गुरुवार पेठेला वेताळ पेठ म्हणत, आणि गंज पेठेची महात्मा फुले पेठ झाली ती आपल्याच काळात. कामाच्या सुरुवातीलाच नावांचा आणि क्रमांकांचा जुळणी तक्ता केला नाही, तर समोर असलेला कागदही ओळखता येत नाही.

१८१८ च्या मागे जायचे तर मोडीला पर्याय नाही. पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यातून पंचेचाळीस खंडांची निवड छापली, पण एखाद्या पेठेतले एखादे घर शोधणाऱ्याला त्यात थोडेच मिळते. घराची जागा कुणाला दिली, बांधायला काय सवलत दिली, कुणाचे घर जप्त होऊन कुणाला मिळाले, हे रोजकीर्द आणि घडणीच्या रुमालांत शोधावे लागते. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजकीर्दीतून निवडलेले उतारे छापील असल्यामुळे सुरुवात तिथून करणे सोयीचे; कोतवालाच्या कामांबद्दलचे कागद त्यात आहेत, आणि शहरातली घरजागेची खरेदीविक्री व तंटे कोतवालीच्या नजरेखालून जात असत. कालगणनेत गफलत होऊ नये म्हणून हिशेब पाठच असावा. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे सुहूर सन ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१ येते, आणि वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने जानेवारीपासूनच्या तारखांना ६०० मिळवून १७७२ धरायचे. या एका वर्षाच्या फरकाने मृत माणसाला घर विकायला लावलेले लेख छापून आलेले आहेत.

काही कागद मिळणारच नाहीत, हेही लक्षात असू द्यावे. मे १८७९ मध्ये सरकारी कचेऱ्या असलेला बुधवारवाडा आगीत गेला, विश्रामबागवाड्याचाही मोठा भाग जळाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि नदीकाठच्या पेठांतल्या घराघरांतल्या पेट्या चिखलात गेल्या. मालकांकडचे दस्त गेले तरी नोंदणी कार्यालयातून नक्कल मिळू शकली; भाडेपावत्या, जमाखर्चाच्या वह्या, पत्रे यांची नक्कल कुठेच नव्हती. त्या पुराने राहणाऱ्यांचा पुरावा मालकांच्या पुराव्यापेक्षा किती तरी जास्त नेला.

मग राहणारे शोधायचे कुठे? महापालिकेच्या करआकारणीच्या जुन्या वह्यांत मालकाशेजारी भोगवटादाराचे नाव असते. मतदार याद्या घर क्रमांकानुसार कुटुंबच्या कुटुंब देतात. जवळच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव आणि जन्मस्थळ असते, कधी वडिलांचा धंदा आणि पत्ताही असतो. कुलवृत्तान्तांत ‘सध्या वास्तव्य पुणे, अमक्यांचा वाडा’ असे शेरे मिळतात. ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासून आणि ‘केसरी’ १८८१ पासून निघत होता. त्यांच्या जाहिरातींत वैद्य, खाणावळी, शिकवण्या, छापखाने यांचे पत्ते वाड्यांच्याच नावाने येतात. छापील पुस्तकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि ठिकाण घालणे १८६७ च्या कायद्याने बंधनकारक झाले, त्यामुळे एखाद्या वाड्याच्या तळमजल्यावर छापखाना कधी होता हे जुन्या पुस्तकाचे दुसरे पान सांगून जाते.

या सगळ्यांहून मोलाचा साठा भाडेकरूंच्या दाव्यांचा आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानले आणि मालक-भाडेकरू यांच्यातली लढाई लघुवाद न्यायालयात गेली. भाडेकरू वारला तर त्याच्याजवळ राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाकडे भाडेहक्क जातो, असे हा कायदा सांगत होता, आणि त्याची जागा घेणारा १९९९ चा कायदाही तेच सांगतो. साहजिकच दाव्यात मुख्य प्रश्न असा ठरतो की त्या दिवशी त्या खोलीत कोण कोण राहत होते. ते सिद्ध करायला रेशनकार्ड, शाळेचे दाखले, विजेची बिले, मालकाने नाकारलेल्या भाड्याच्या मनीऑर्डरच्या पावत्या हजर होतात. शेजारी शपथेवर साक्ष देतात. कोर्ट कमिशनर येऊन सोपा, माजघर, न्हाणी, जिना यांचा नकाशा काढतो आणि कुठली खोली कुणाकडे हे त्यावर लिहितो. मध्यमवर्गीय पुण्याच्या घरगुती जीवनाचे इतके बारकाईने आणि शपथेवर नोंदलेले वर्णन दुसऱ्या कुठल्याही सरकारी कागदात नाही. भांडणाच्या भरात एकेका बाजूने अतिशयोक्ती केलेली असते हे खरे, पण दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या गोष्टी वेगळ्या काढल्या तरी पुष्कळ उरते. १९९९ पूर्वी पागडी घेणे गुन्हा होता, त्यामुळे खोलीचा हात बदलला तरी पावती जुन्याच नावाने फाटत राहिलेली आढळते. १९६० नंतरच्या पावत्यांवरच्या नावावर विसंबताना मतदार यादीशी ताळा घेतलाच पाहिजे.

या माणसांपैकी पुष्कळांची मुले-नातवंडे आज हयात आहेत. दत्तक, टाकलेली बायको, कर्ज, खटला अशा गोष्टी कागदांत जशाच्या तशा येतात. त्या जतन कराव्यात. छापताना कुटुंबाला विचारावे, आणि कुटुंब नको म्हणाले तर नाव गाळून वास्तूपुरता भाग लिहावा. विश्वास टिकला तर ट्रंकेतले कागदही बाहेर येतात.

प्रत्यक्ष काम आजच्या व्यवहारातच बसवता येण्यासारखे आहे. भाडेकरूंचे पुनर्वसन असलेल्या वाड्याच्या प्रस्तावाला भाडेकरूंची यादी जोडावीच लागते. त्या यादीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाला तीन प्रश्न विचारायला वास्तुविशारदाला अर्धा तास पुरतो: खोलीत पहिले कोण आले, कुठून आले, त्याआधी तिथे कोण होते. मोजणी नकाशावर खोलीनिहाय ती उत्तरे लिहावीत. वकिलांनी शोध अहवालासाठी काढलेल्या नकला काम संपल्यावर रद्दीत न घालता मालकाच्या संमतीने भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे किंवा जवळच्या जुन्या ग्रंथालयाकडे द्याव्यात. मोडी वाचकांनी लिप्यंतर देताना फक्त पक्षकाराला हवा तेवढा उतारा न देता साक्षीदार, लेखक आणि चतुःसीमा यांच्यासह पूर्ण दस्त उतरवावा.

आणि वकिलांना एक आग्रहाची विनंती आहे. निकाली दाव्यांचे कागद न्यायालयात वर्गवारीप्रमाणे ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट केले जातात. आपल्या कार्यालयात साठ-सत्तरच्या दशकातले भाड्याचे दावे चालवणाऱ्या ज्येष्ठांची जुनी दप्तरे असतील, तर ती रिकामी करण्याआधी त्यांतले कमिशनरचे नकाशे, साक्षींच्या नकला आणि भाडेकरूंच्या याद्या वेगळ्या काढाव्यात, पक्षकारांच्या वारसांची परवानगी घ्यावी आणि वाड्याच्या सिटी सर्व्हे नंबरानुसार त्यांची सूची करावी. ज्यांच्याकडे अशी दप्तरे आहेत पण चाळायला माणूस नाही, त्यांनी या मासिकाला कळवावे. मोडी आणि देवनागरी दोन्ही वाचणारे तरुण अभ्यासक त्यांच्याकडे पाठवण्याची व्यवस्था संपादक मंडळ करील.